‘लोकमान्य…’च्या पुढे काय?

गिरगाव-लालबागकडच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर जे पान टांगलेलं असतं, त्याच्या एका चौकोनात किती मजकूर मावतो हे नीट पाहण्यासारखं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’चा चौकोन घ्या. मोठा आकडा, तिथी, नक्षत्र, सण, जयंती-पुण्यतिथी, संकष्टी असली तर चंद्रोदयाची वेळ, आणि उरल्यासुरल्या पांढऱ्या जागेत घरच्यांनी पेनाने मांडलेले दुधाचे खाडे. महिन्याची जाळी आणि तिच्या प्रत्येक घरात त्या दिवसाची यादी. मोबाइलसाठी दिनदर्शिका बनवणाऱ्याला हेच पान जसंच्या तसं पडद्यावर आणायचा मोह होतो, आणि तिथेच फसगत होते. फोनवर जाळीने महिना दाखवावा, यादीने दिवस. एकीच्या पोटात दुसरी कोंबू नये, असं माझं मत आहे.

हिशेब साधा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनची रुंदी ‘डीपी’ या पडद्याच्या मापात ३६० भरते. सात वारांत ती वाटली की एका चौकोनाच्या वाट्याला जेमतेम ५१ येतात. बोटाने नेमकं दाबता यावं म्हणून गूगल किमान ४८ डीपी जागा सुचवतं. म्हणजे अख्खा चौकोन एका बोटापुरता झाला, आतल्या ओळी वेगवेगळ्या दाबायची सोय उरली नाही. बारीक टायपातही एका ओळीत पाच-सहा अक्षरं बसणार. आता २ ऑक्टोबर २०२५ आठवा: दसरा, गांधी जयंती, शास्त्री जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सगळं एकाच दिवशी. शेजारच्या ३ तारखेला फक्त एकादशी. जाळीत शेजारची घरं सारख्या उंचीची, त्यामुळे एक तर सगळी ओळ ताणायची किंवा मजकूर कापायचा. आणि कापायला गेलं की मराठीत खास पंचाईत होते, कारण फरक सांगणारा शब्द शेवटी येतो. २३ जुलैला टिळकांची जयंती, १ ऑगस्टला पुण्यतिथी. कापल्यावर दोन्ही घरांत ‘लोकमान्य…’ एवढंच उरतं. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन्ही तारखांना ‘डॉ. बाबा…’. ज्या दादरमध्ये ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे माणसांचा समुद्र लोटतो, तिथल्या फोनवर हे शोभत नाही.

यावर अनुभवी प्रोग्रामर म्हणेल, चौकोनातली यादी सरकती ठेवा. करता येतं. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात ग्रिडव्ह्यूच्या, म्हणजे जाळीच्या, घरात साध्या कॉलममध्ये ओळी भरल्या आणि मावल्या नाहीत, तर डीबग आवृत्तीत पिवळ्या-काळ्या पट्ट्या उमटतात. कॉलमच्या जागी लिस्टव्ह्यू ही सरकती यादी टाकली की पट्ट्या जातात. अडचण मात्र तिथेच राहते. बोट कुठे टेकलं यावर महिना सरकणार की दिवस हे ठरतं, आणि खाली आणखी काही दडलंय याचा चौकोनाकडे पाहून पत्ता लागत नाही. अख्खी जाळीच एका सरकत्या पानात ठेवली तर उंचीचा घोळ होतो: पान म्हणतं, हवी तेवढी घे, जाळी म्हणते, द्याल तेवढी घेते. अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज हे साधन अशा रचनेत चक्क एक्सेप्शन टाकतं. फ्लटरमध्ये श्रिंकरॅप ही सोय लावून सुटका होते, पण मग न दिसणारी घरंही आधीच मांडली जातात. अर्थात एका महिन्याला फार तर ४२ घरं, त्यांचं ओझं ते किती! इथे वेगाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. गैरसोय होते ती वाचणाऱ्याची.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: कागदावर हे पन्नास वर्षं जमतंय, मग फोनवर का नाही? कागद मोठा आहे आणि त्यावर नुसती नजर फिरते, हे एक. दुसरं म्हणजे त्या पानाची मांडणीच वेगळी आहे. वार डावीकडे एकाखाली एक, आठवड्यांचे पाच स्तंभ, आणि महिना लांबला तर ३०-३१ तारखा पहिल्या स्तंभातल्या रिकाम्या घरांत. ही युक्ती फोनवर उचलली तर चौकोनाला ५१ ऐवजी फार तर ७२ डीपी मिळतात, आणि ती उचलायला हरकत नाही. पण अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं, आणि तिथी-नक्षत्र सर्वांत बारकाईने पाहणारी पिढीच ते मोठं करून ठेवते. तिच्यासाठी ७२ सुद्धा अपुरे. म्हणून निवडलेल्या दिवसाची यादी जाळीच्या खाली, पूर्ण रुंदीत हवी.

मग एक टिचकी वाढते, अशी तक्रार उरते. ती कुठे वाढते ते पाहू. सुट्टी कधी, संकष्टी कधी, दूध किती दिवस आलं नाही, हे प्रश्न महिन्याकडे बघून विचारायचे; त्यांना लाल आकडा, चंद्राची खूण आणि खाड्याची फुली पुरते, आणि फुल्यांची बेरीज ॲप करून देऊ शकतं. पुढच्या महिन्यातल्या एखाद्या तारखेचा तपशील हवा असला तर टिचकी मारावी लागेल, हे खरं. पण चंद्रोदय किती वाजता, हे बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी विचारलं जातं, आणि ॲप उघडताना आजची तारीख निवडलेली ठेवली तर ती वेळ जाळीखाली आधीच दिसत असते.