बाजारातून परत आलेली शेळी

अकलूजच्या बाजारात विक्रीस नेलेल्या शेळीला मनाजोगी किंमत आली नाही, तर ती संध्याकाळी घरी परत येते आणि आपल्या जुन्या दावणीला बांधली जाते. या नित्याच्या व्यवहारात कोणास काही वावगे वाटत नाही. तथापि, पीपीआर हा विषाणुजन्य रोग एका कळपातून दुसऱ्यात शिरतो तो बहुधा याच वाटेने.

गुरांच्या बुळकांडीशी जवळचे नाते असल्याने यास शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी असेही म्हणतात. १९४२ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे त्याचे प्रथम वर्णन झाले. भारतात १९८७ साली तमिळनाडूतील अरसूर येथील मेंढ्यांत तो आढळला. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे घोषित झाले. शेळ्यांची मात्र अद्याप शिल्लक आहे.

रोगी जनावराच्या शिंकेतील व खोकल्यातील तुषार, नाका-डोळ्यांतील स्राव आणि विष्ठा यांतून विषाणू बाहेर पडतो. उन्हात तो फार काळ तग धरत नाही. त्यास निकटचा सहवास लागतो. दाटीने बांधलेल्या जनावरांच्या बाजारात तो आयताच मिळतो. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारणतः चार ते सहा दिवस लागतात. त्यामुळे बाजारातून आणलेले जनावर धडधाकट दिसले, एवढ्यावर विसंबता येत नाही. ते किमान तीन आठवडे निराळे बांधावे, त्याचे चारा-पाणीही वेगळे असावे.

पुढे १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप येतो, नाकपुड्या चिकट स्रावाने बुजतात, तोंडात व्रण पडतात, हगवण लागते आणि फुफ्फुसदाह होतो. गाभण शेळ्या गाभडतात. हगवण दिसताच पाला बाधला असे समजून काढे देत बसण्याची आपल्याकडे रीत आहे. तेवढ्या दिवसांत सारा कळप बाधित होतो. विषाणूवर थेट औषध नाही. प्रतिजैविके केवळ मागाहून जडणाऱ्या जंतुसंसर्गास आवर घालतात.

लस मात्र खात्रीची आहे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेल्या लसीची एक मात्रा किमान तीन वर्षे संरक्षण देते. करडे तीन-चार महिन्यांची झाल्यावर टोचून घ्यावीत. प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. बाजाराच्या दिवशी सकाळी टोचून त्या दिवशी उपयोग नाही.

प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत पीपीआरचा समावेश आहे. संशयित रोगाची माहिती पशुपालकाने ग्रामपंचायतीस द्यावयाची असून तेथून ती नजीकच्या पशुवैद्यकाकडे लेखी पोहोचली पाहिजे.