पाठांतर नंतर, आधी लेथ!

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीजवळच्या एका शाळेत मुलांचं नाटक बसवायला गेलो होतो. एक पोरगी तोंडच उघडेना. शेवटी म्हटलं, "बोलू नकोस, बाबांचं मशीन करून दाखव."

तिनं एक हात गरगर फिरवला, दुसऱ्यानं हत्यार हळूहळू पुढं सरकवलं आणि दातांतून असा 'च्चर्रर्र' काढला की सगळा वर्ग लेथ झाला! मग कुणी भट्टी, कुणी चहावाला, कुणी भोंगा. संहिता नव्हतीच.

शाळेतल्या नाट्यशिक्षणाचं मर्म इथंच आहे. नट घडवणं हा हेतू नसतो. मूल आधी बघतं, ऐकतं, अंगानं करतं. संवाद नंतर येतात. आपण मात्र गॅदरिंगच्या पंधरा दिवस आधी पाठांतर सुरू करतो. (मीही अनेक वर्षं तेच केलं.)

मराठीत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' करून बालरंगभूमीला वळण दिलं. ते मुलांसाठीचं नाटक. नाटकातून शिकवण्याची 'थिएटर इन एज्युकेशन' ही पद्धत १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरमधून सुरू झाली. कॉव्हेंट्रीही कारखान्यांचंच गाव, हे मला भारी वाटतं!

आपल्याकडची मुलं घरी मराठी, गल्लीत कन्नड, वर्गात इंग्रजी बोलतात. तालमीत तिन्ही चालू द्या. राग आला की खरी भाषा आपोआप बाहेर येते.

शिक्षकांनो, पहिल्या तासाला काय घ्यायचं असा प्रश्न असेल तर खाली विचारा. मुलांचं वय तेवढं लिहा.