आधी कागद, मग पैसा

आमच्या पिंपळगाव राजात आम्ही पोरांनी अभ्यासिका काढायचं ठरवलं. मदत मागायला एका कंपनीत गेलो. साहेबांनी एकच विचारलं, "संस्थेचं रजिस्ट्रेशन आहे का?" नव्हतं. चहा पिऊन परत आलो!

मग चौकशी केली. पहिली पायरी म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी. त्यानंतर संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं आणि दरवर्षी ऑडिट. आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी केली, की देणगीदाराला करसवलत मिळू शकते. लोक तिला '८०जी' म्हणून ओळखतात.

कंपन्यांकडे पैसा असतो, हे खरं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. पण हे काम कंपनीने संस्थेकडे सोपवायचं, तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची 'सीएसआर-१' नोंदणी लागते.

आणि मदत म्हणजे फक्त रोख रक्कम नव्हे. २०१८ मध्ये आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तलावांतला गाळ काढला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने मशिनी दिल्या, सरकारने डिझेल दिलं आणि शेतकऱ्यांनी गाळ शेतात वाहून नेला. ज्याच्याकडे जे होतं, ते त्याने दिलं.

आपल्याकडे काय आहे? एस्टिमेट! खुर्च्या किती, ट्यूबलाइट किती, महिन्याचा खर्च किती, हे एका पानावर मांडणं आपल्याला जमतं. सुट्टीत घरी जाल, तेव्हा गावातल्या मंडळाला तेवढं पान लिहून द्या. आमचं पान तयार आहे. नोंदणीचा अर्जही भरतोय. यावेळी चहा पिऊन परत यायचं नाही!