ऐकावयाची पुस्तके

श्रावण महिना आला की आमच्या सीमाभागातील पुष्कळ घरांतून श्रीधरकवींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ वाचला जात असे. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. त्यांपैकी कित्येकांस अक्षरओळखही नसे. म्हणून त्यांचे ग्रंथाशी नाते तुटले नाही. आजची ‘श्राव्य पुस्तके’ ही या जुन्या प्रथेचीच नवी आवृत्ती होय.

निपाणी हे तंबाखूच्या व्यापाराचे गाव. विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे हात व डोळे कामात गुंतलेले असतात. कान तेवढे मोकळे. क्यूबा देशातील चिरूट वळणाऱ्या कामगारांची स्थिती अशीच होती. १८६५ साली हवाना शहरातील कारखान्यात त्यांनी त्यावर उपाय शोधला. आपल्या मजुरीतून वर्गणी काढून त्यांनी एक वाचक ठेवला. काम चालू असता तो वर्तमानपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवी.

पुढे १८७७ साली एडिसनने आवाज साठविण्याचे यंत्र सिद्ध केले आणि वाचक समोर असण्याची गरज उरली नाही. तरी एक अडचण होतीच. निवेदक मिनिटास १२५ शब्द वाचतो असे धरल्यास ७५,००० शब्दांच्या कादंबरीस १० तास लागतात. म्हणजे तासाभराच्या १० कॅसेटी! मोबाइलमुळे हे ओझे नाहीसे झाले. स्टोरीटेल ही स्वीडनमधील कंपनी २०१७ साली भारतात आली, तेव्हा तिच्या आरंभीच्या भाषांत मराठी होती. येथे एकेक पुस्तक विकत न घेता वर्गणी भरून ऐकावयाचे असते. पुस्तक ध्वनिमुद्रित करून वितरित करण्यापूर्वी मात्र हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते.

छापील पानातून एक गोष्ट निसटते. ती म्हणजे बोलण्याचा हेल. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. त्यांच्या ‘गणगोत’ पुस्तकातील ‘रावसाहेब’ आम्ही प्रथम वाचले आणि हसलो. पुढे ते त्यांच्याच आवाजात ऐकले, तेव्हा कानडी वळणाची आमची बेळगावी मराठी जशीच्या तशी कानी पडली. हा ठेवा शाईने जपता आला नसता.

आज मराठी घरांतील अनेक मुले कानडी वा इंग्रजी माध्यमातून शिकतात. त्यांना मराठी समजते, परंतु जाड पुस्तक हाती घेण्याचा धीर होत नाही. त्यांना, तसेच दृष्टिहीनांना व वृद्धांना, श्राव्य पुस्तक हे साहित्याचे उघडे दार आहे. मात्र केवळ ऐकून लिपी येत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, ज्यास वाचता येते त्याने घरी आजीला रोज एक प्रकरण वाचून दाखवावे. क्यूबाच्या कामगारांपाशीही यंत्र नव्हते. त्यांच्यापाशी एक वाचक होता, आणि ऐकण्याची ओढ होती.