जंगलाचा नकाशा ग्रामसभेच्या हाती

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावलाही तो मिळाला. पाचगावने बांबूच्या विक्रीवर रोजगार उभा केला आणि जंगलाचा काही भाग तोडीपासून राखून ठेवला. कुठे तोडायचे, कुठे राखायचे, वणवा लागला तर आधी कुठे धावायचे, हे ठरवायला ग्रामसभेला नकाशा लागतो. तो दर वेळी सरकारी कचेरीतून मागून आणावा लागू नये, अशी सोय आज झाली आहे.

ती सोय म्हणजे मुक्त स्रोत नकाशा-प्रणाली. त्यांतली सर्वांत रुळलेली क्यूजीआयएस. गॅरी शेर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेले हे काम आज जगभरचे स्वयंसेवक पुढे नेत आहेत. परवान्याचे पैसे लागत नाहीत, साध्या लॅपटॉपवर ती चालते. तिचा जोडीदार क्यूफील्ड मोबाइलवर नेटवर्कशिवायही चालतो. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलात याचे मोल वेगळे सांगायला नको.

सुरुवात तीन थरांनी करावी. तळाला भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा, त्यावर सेंटिनेल-2 उपग्रहाचे मोफत चित्र आणि सर्वांत वर गावकऱ्यांनी स्वतः टिपलेल्या जागा: बोडी, नाले, मोहाची झाडे, बांबूची रांजी, गुरांच्या वाटा. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे एका हेक्टरात असे शंभर ठिपके.

चित्र वाचताना मात्र सावध राहावे. आपले जंगल पानगळीचे. ऑक्टोबरचे चित्र आणि एप्रिलचे चित्र शेजारी ठेवले तर निम्मे जंगल तुटले असे वाटेल. तुलना करायची ती दोन वर्षांच्या एकाच महिन्याची. आणि मोठ्या झाडांखालचा बांबू उपग्रहाला दिसतच नाही. तो मोजायचा तर जंगलात फिरावेच लागते.

नवख्याची गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. पहिले ठिकाण क्षेत्रफळाचे. मोबाइल जागा अंशांत नोंदवतो, हेक्टर काढायला मीटर लागतात. त्यासाठी जगाचे उभे पट्टे पाडलेले आहेत. मुंबई-पुणे 43 व्या पट्ट्यात येतात, चंद्रपूर-गडचिरोली 44 व्या. पुण्याच्या धड्यातला पट्टा इथे तसाच उचलू नये. क्यूजीआयएसमध्ये 44 व्या पट्ट्याचा 32644 हा क्रमांक निवडावा. दुसरे ठिकाण देवनागरीचे. माहिती साठवण्याच्या शेपफाइल या जुन्या स्वरूपात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. ‘गावाचे नाव’ असे लिहायला गेलो की पहिल्या तीन चिन्हांनंतरच ते कापले जाते. जिओपॅकेज या नव्या स्वरूपात माहिती साठवली की ही अडचण उरत नाही.

दाट झाडीखाली मोबाइलची नोंद काही मीटर इकडेतिकडे सरकते. म्हणून हद्दीवर शेजारच्या गावच्या जाणत्यांनाही सोबत घ्यावे, दोन्ही गावांना मान्य असलेली खूण टिपावी आणि तिथेच वहीत लिहून ठेवावी. वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांनीही उपग्रहचित्रांना पूरक पुरावाच मानले आहे. इतर पुराव्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा पुरावाच असतो. संगणकावरची रेघ त्याला बळ देते, त्याला खोडू शकत नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावर रस्ते, शाळा, विहिरी जरूर टाकाव्यात. रुग्णवाहिकेला वाट सापडेल. पण औषधी वनस्पतींच्या जागा, देवस्थाने जगजाहीर करायची की नाही, हे ग्रामसभेनेच ठरावाने ठरवावे. प्रणाली मुक्त असली म्हणून गावाची माहिती सर्वांना मुक्त होत नाही. प्रत्येक ग्रामसभेने गावातल्याच दोन-तीन तरुण-तरुणींना हे काम शिकवावे, मूळ फाइल स्वतःकडे ठेवावी आणि दर उन्हाळ्यात ती ताजी करावी. बाहेरच्या संस्थेने करून दिलेला नकाशा संस्थेबरोबर निघून जातो. गावाने केलेला नकाशा पुढच्या वर्षी गावच दुरुस्त करू शकते, आणि जंगल राखण्याच्या कामात हीच ताकद लागते.