अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट

अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट (संक्षेप: एटीएलएस) हा गंभीर जखमी रुग्णांवरील तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण देणारा, डॉक्टरांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेचा आहे.

इतिहास

फेब्रुवारी १९७६ मध्ये अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात शेतात कोसळले. त्यात त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला व मुले जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात मिळालेले उपचार त्यांना अपुरे वाटले. त्यांच्या पुढाकारातून १९७८ मध्ये पहिला अभ्यासवर्ग भरला. १९८० मध्ये संस्थेने अभ्यासक्रम स्वीकारला.

तयारी

उमेदवाराने अभ्यासपुस्तक आधीच वाचून येणे अपेक्षित असते. पाठांतरापेक्षा तपासणीचा क्रम अंगवळणी पडणे महत्त्वाचे ठरते. मानेचा कणा स्थिर ठेवून श्वासमार्ग, मग श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि शेवटी कपडे दूर करून संपूर्ण शरीर, असा हा परंपरागत क्रम आहे. जो धोका आधी जीव घेईल त्यावर आधी उपचार, हे त्यामागील सूत्र होय. नेमक्या निदानासाठी उपचार थांबवले जात नाहीत.

मूल्यमापन

बहुपर्यायी लेखी परीक्षा आणि कल्पित रुग्णावरील प्रात्यक्षिक या दोन्हींत उत्तीर्ण व्हावे लागते. प्रमाणपत्राची मुदत ४ वर्षे असते.