भाडेकरार मुदतीपूर्वी मोडल्यास

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा चौदा तालुक्यांचा आहे. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यातून बीडच्या सीमेवरील जामखेडला बदली झालेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला रोजची ये-जा अशक्यच. बिऱ्हाड हलवावे लागते. पण अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर सही होऊन चारच महिने लोटलेले असतात. घरमालक अनामत अडवून उर्वरित सात महिन्यांचे भाडे मागतो. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे उभय पक्षांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

भरपाई किती?

सही होताच करार दोघांवर बंधनकारक होतो. केवळ बदलीमुळे तो आपोआप संपत नाही. प्रथम करारातील नोटिशीचे कलम पाहावे. ठरलेली आगाऊ नोटीस देऊन घर सोडण्याची मुभा असल्यास, तसे करणे हा करारभंग होत नाही. मुभा नसल्यास मात्र भरपाईचा प्रश्न येतो.

परंतु भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगातून ओघाने झालेले नुकसानच मागता येते. ते टाळण्याचे कोणते उपाय हाती होते, हेही विचारात घेतले जाते. घर महिन्याभरात दुसऱ्यास त्याच भाड्याने दिले गेले, तर सातही महिन्यांच्या भाड्याच्या मागणीला आधार उरत नाही. करारात दंडाची रक्कम नमूद असली तरी कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. जमा रक्कम जप्त करण्यासही हेच तत्त्व लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात १९६३ मध्ये स्पष्ट केले. सही करून ताबा नाकारणारा मालकही अशाच रीतीने भरपाईस पात्र ठरतो.

नोंदणीचे महत्त्व

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद उद्भवल्यास, अटींविषयीचे भाडेकरूचे म्हणणे अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते.

म्हणून बदलीस पात्र कर्मचाऱ्यांनी 'बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने घर सोडता येईल' अशी अट सहीपूर्वीच घालून घ्यावी. नोटीस लेखी द्यावी आणि किल्ल्या सोपवल्याची पोच घ्यावी. एवढी दक्षता घेतल्यास बहुतेक वाद न्यायालयाची पायरी न चढताच मिटू शकतील.